अलीकडची बाजू

श्रीरामपूर,
३ नोव्हेंबर २०२५

एंजलच्या पप्पांना,

सलाम. पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे जिवंत आहेत. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि तुम्ही "काय? काय?" करायचं. परवा स्टँडवरून फोन केला तर तुमच्याआधी आमच्या एस.टी.च्या कंट्रोलरसाहेबांनीच उत्तर दिलं. इतकी वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून कान घालवलेत, तेव्हा आता वाचा.

एंजलनं पुण्याहून मोबाईलवर बातमी पाठवली. खाडीवरचा पूल तयार झाला, पंधरा डिसेंबरला तुमची फेरीबोट शेवटच्या फेऱ्या मारणार आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या पुलावरून जाणार. सोबत फोटो होता. विजयमाला. रंग किती उडालाय हो तिचा. खाली लिहिलं होतं, 'चार दशकांच्या सेवेनंतर विश्रांती'. बोटीला विश्रांती मिळणार हे पेपरवाल्याला कळलं, एंजलला कळलं. मला कुणी सांगितलं नाही. मी कोण? मी बायको.

माझा प्रश्न एकच आहे. बोट बंद झाली की तुम्ही घरी येणार का? नाताळचे चार दिवस नव्हे. कायमचे.

मागची खोली मी गेल्या आठवड्यात रविवारी रिकामी केली. एंजलची जुनी पुस्तकं माळ्यावर टाकली, तुमच्यासाठी खाट झटकली. सोमवारी वाटलं, येणार म्हणून कुणी सांगितलंय? म्हणून सगळं सामान परत आत ठेवलं. मंगळवारी पुन्हा बाहेर काढलं. आई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "लिडे, तू सामान हलविती का येयाम करती?"

खरं सांगू का, मला काय हवंय ते मलाच कळत नाही. तुम्ही यावं असं वाटतं. आणि तुम्ही कायमचे आलात तर मी घरात कुठं बसायचं, हेही वाटतं. रिटायर व्हायला मला तीनच वर्षं राहिलीत, माझी रीत बसलीय. चहा मी एकटीपुरता आणि आईंपुरता टाकते.

हो म्हणा की नाही म्हणा, पण लिहून कळवा. पत्त्यात जिल्हा अहिल्यानगर लिहा. माझ्याच हातून अजून जुनं नाव येतं, पोस्टमन दोन्ही आणून देतो.

लिडिया


श्रीरामपूर,
१४ नोव्हेंबर

एंजलच्या पप्पांना,

पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "विजयमाला १५ तारखेला बंद. पुढचं बघू. आईला सलाम. मिक्सरचा आवाज येतो का?"

मिक्सरचा आवाज येतो. 'बघू'चा अर्थ येत नाही.

उद्या मला एखाद्या पॅसेंजरनं विचारलं, बाई, गाडी राहात्याला जाणार का, आणि मी म्हटलं बघू, तर तो माझी तक्रार करील. तुमची तक्रार मी कुठं करायची?

'बघू' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी वापरलात ते मला आठवतंय. एंजल रांगत होती. कारखान्याचा हंगाम संपला होता आणि वर्कशॉपमधले काकासाहेब मिस्त्री तुम्हाला कोकणात घेऊन गेले. कुठल्याशा खाडीवरच्या बोटीला जुनं इंजिन बसवायचं होतं, पंधरा दिवसांचं काम. इंजिन पंधरा दिवसांत बसलं. काकासाहेब परत आले, तुम्ही नाही. ते इंजिन म्हणे तुमच्याशिवाय कुणाच्या हाताला लागेना. मी विचारलं कधी येणार, तर तुम्ही लिहिलं, "पावसाळ्यापर्यंत बघू." किती पावसाळे झाले ते तुम्हीच मोजा.

आणि मग ती ईस्टरची गोष्ट. आपल्याकडे तेव्हा फोन नव्हता. तुम्ही आसाराम किराणावाल्याकडे निरोप ठेवलात, "विजयमालाची तब्येत बिघडलीय, तिला सोडून येता येत नाही." आसारामनं तो निरोप साखर तोलता तोलता सगळ्या गिऱ्हाइकांदेखत दिला. संध्याकाळपर्यंत आख्खी गल्ली आईंचं सांत्वन करायला हजर. रविवारी पाळकसाहेबांनी सातव्या आज्ञेवर, 'व्यभिचार करू नको'वर, उपदेश केला आणि बघत होते आपल्या बाकाकडे. मी घसा कोरडा करून सांगत होते की विजयमाला ही बोट आहे. आई म्हणाल्या, "बोटीला बाईचं नाव कशापायी मंग?" पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात आणि शर्टाला डिझेलचा वास होता म्हणून वाचलात.

हसू येतं आता. पण तेव्हाही माझ्या मनात यायचं की दुसरी बाई परवडली असती, तिच्याशी भांडता आलं असतं.

तिच्या गोष्टी मात्र तुम्ही रंगवून सांगायचात. नाताळच्या जेवणावर तेवढंच बोलणं व्हायचं. नवरी बोटीत चढली आणि नवरदेव पान खात धक्क्यावर राहिला ती. ॲम्ब्युलन्समध्ये खाडीच्या मधोमध बाळंत झालेली बाई आणि तिच्या पोरीचं नाव विजया ठेवलं ती. वादळात दोर तोडून विजयमाला एकटीच निघून गेली, चिखलात रुतलेली सापडली आणि आठवड्यात पुन्हा आंब्याच्या पेट्या वाहायला लागली ती. दोन इंजिनं बदलली, तळाचा पत्रा बदलला, गाड्या चढायच्या फळ्या बदलल्या. एंजलनं एकदा विचारलं होतं, "मग पप्पा, आता जुनी विजयमाला कुठं आहे?" तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "घंटी जुनी आहे."

त्या घंटीवरून आठवलं. मी नवी कंडक्टर झाले तेव्हा तुम्ही मला समजावलं होतं. ड्रायव्हर म्हणजे तुम्ही, खाली इंजिनाजवळ. तुम्हाला पाणी दिसत नाही, काठ दिसत नाही, वर कोण चढलं कोण उतरलं काही दिसत नाही. बोट वळवणारा सारंग वर असतो, तो दोरी ओढून घंटी देतो. एक दिली की इंजिन चालू, दोन दिल्या की बंद. मी म्हटलं, हे उलटंच झालं. आमच्याकडे सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. आपण दोघं हसलो होतो. आई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नवरा-बायकूची बेल जुळत न्हाई, संसार कसा जुळायचा?"

'बघू'च्या जागी काहीतरी दुसरं लिहून पाठवा.

लिडिया


श्रीरामपूर,
२४ नोव्हेंबर

एंजलच्या पप्पांना,

उत्तर नाही. चर्चमध्ये बायका विचारतात, येणार का यशयाभाऊ? मी एकीला हो म्हटलं, दुसरीला नाही म्हटलं. त्या दोघी शेजारीशेजारी राहतात.

आईंचं वय झालं. सकाळी विचारतात, "आला का यशया?" मी म्हणते अजून नाही. दुपारी विचारतात, "गेला का यशया?" त्यांच्या हिशेबात तुम्ही मधे येऊन जेवून गेलेले असता. कधी कधी वाटतं त्यांचं बरं आहे.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. एकवीस वर्षं बोलले नाही, मग आता कशाला, असं म्हणत होते. पण तुम्ही 'बघू' म्हणता तेव्हा मला तोच दिवस दिसतो, म्हणून लिहिते.

एंजल पहिलीत होती. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीच्या जागा निघाल्या होत्या, तुम्हाला सहज मिळाली असती. मी तुम्हाला आंतरदेशीय पत्र लिहिलं. शब्द पाठ आहेत मला. "शनिवारी एंजलला घेऊन येते. मला खाडी ओलांडून यायचं नाही. अलीकडच्या धक्क्यावर थांबते. यायचं तर बॅग घेऊन या, आपण तिघं परत जाऊ. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आला नाहीत तर मी समजून जाईन."

पुण्याहून ताम्हिणीनं आम्ही आलो. एंजलला घाटात तीनदा ओकारी झाली. धक्क्यावर पोचलो तर बोट चालूच नव्हती. दुरुस्तीसाठी समोरच्या काठावर ओढून ठेवली होती म्हणे. होडीवाला म्हणाला, बाई, सोडू का पलीकडे? मी नाही म्हटलं. मी अलीकडे लिहिलं होतं तर अलीकडेच थांबणार. ज्याला यायचं तो येईल होडीत बसून.

दिवसभर बसलो. माझ्याकडे निळी छत्री होती, तिच्या सावलीत एंजलनं सगळी बिस्किटं संपवली. समोरच्या काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता, ठिपक्याएवढा दिसायचा. एंजल त्याला टाटा करायची, तोही हात हलवायचा. तेवढीच पोरीची करमणूक.

संध्याकाळची गाडी आली आणि आम्ही बसलो.

तुम्ही नाताळला आलात. मला वाटलं काहीतरी बोलाल. तुम्ही गळका नळ दुरुस्त केलात, आईंच्या पायाला तेल लावलंत आणि चार दिवसांनी गेलात. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पाहुण्यासारखे येता, पाहुण्यासारखे विचारून पाणी घेता. मी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्ही बोट निवडलीत.

आता तीच बोट जातेय आणि मी तुमची खोली झाडतेय. मला माझाच राग येतो.

लिडिया


श्रीरामपूर,
४ डिसेंबर

एंजलच्या पप्पांना,

तुमचं पत्र काल आलं. या वेळी तुम्ही पाच ओळी लिहिल्यात आणि त्यातल्या दोन मला समजत नाहीत. "त्या शनिवारी मी सकाळपासून अलीकडच्या धक्क्यावरच होतो, बॅग घेऊन. तूच आली नाहीस. म्हणून मीही परत विषय काढला नाही."

हे काय आहे?

अलीकडच्या धक्क्यावर मी होते. माझी पोरगी होती, माझी छत्री होती. तिथं एक चहाची टपरी होती आणि एक कुत्रं होतं. तुम्ही नव्हता. तुमच्यासारखा दिसणारासुद्धा कुणी नव्हता, मी येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

मी हे पत्र घरी वाचलं, डेपोत वाचलं, गाडीत वाचलं. गाडीत वाचल्यामुळे पुणतांब्याच्या बाईला चितळीचं तिकीट दिलं आणि ती भांडली. भागवत ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "बाई, आज तब्येत बरी न्हाई का?"

एकदा वाटलं, सरळ खोटं लिहिलंय. एकवीस वर्षांनी कोण विचारतंय, द्या ठोकून. पण तुम्ही खोटं बोलत नाही हीच तर तुमची खोड आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांसमोर सांगता. आपल्या लग्नात माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना, तर म्हणालात, "अजून नीट बघितली नाही."

मग वाटलं, माझाच वार चुकला असेल. पण शनिवारच होता. रविवारी सकाळी आम्ही परत येऊन आंघोळी करून चर्चला गेलो होतो आणि एंजल उपदेशात झोपली होती.

शेवटी आईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्यो म्हंतो मी हुतो. तू म्हंती मी हुते. मंग येक तर कोनतरी खोटं बोलतंय, न्हाई तर खाडी खोटं बोलती." आणि विचारलं, "आला का यशया?"

बॅग घेऊन म्हणजे कुठली बॅग? ती काळी, चेन तुटलेली? बॅग भरून होता म्हणजे तुम्ही येणार होता का? आधी हे लिहा, बाकीचं राहू द्या.

लिडिया


श्रीरामपूर,
१० डिसेंबर

एंजलच्या पप्पांना,

उत्तराची वाट बघत नाही. मला कळलं. मला पुणतांब्याच्या स्टँडवर कळलं, आणि कळल्यापासून मी जास्तच गोंधळले आहे.

आमची कोपरगाव गाडी पुणतांब्याला उभी होती. समोरून कोपरगाव डेपोची श्रीरामपूर गाडी येऊन थांबली. रंभाजीबाबा म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांना दिसत कमी. त्यांनी काठीनं पत्रा वाजवून मला विचारलं, "बाई, ही गाडी जाती का येती?"

"जाते, बाबा."

ते समोरच्या गाडीकडे गेले. तिथल्या कंडक्टरनंही सांगितलं, जाते. बाबा मधोमध उभे राहिले आणि रागावले. "ही बी जाती, ती बी जाती. आरं मंग येती कोन?"

सगळा स्टँड हसला. भागवतनं खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, जिचा डेपो जिथं, तिथून ती जाती. डेपोकडं तोंड फिरलं की येती. आमचा डेपो श्रीरामपूर, त्यांचा कोपरगाव. आमचं जानं त्ये त्यांचं येनं."

मी तशीच उभी. पॅसेंजर चढले, दार लागलं, भागवत वाट बघतोय. "बाई, बेल द्या की." मी डबल बेल दिली आणि पहिल्या बाकावर बसले. तिकिटं फाडायची सोडून बसलेली मला कुणी पाहिली नसेल कधी.

तुमची बोट रात्री कुठं बांधतात? त्या काठाला, तुमची खोली आहे त्या. तुम्ही बोटवाले त्याच काठाला अलीकडची बाजू म्हणता ना? आणि पुण्याची गाडी येते तो काठ तुमच्या बोलण्यात पलीकडे. मी देशावरून गेलेली. मला जो काठ आधी लागला तो माझा अलीकडे. कुणी जाणारा मला म्हणाला नाही की बाई, तुम्ही पलीकडे बसलात. होडीवाल्यानंही माझ्याकडे बघून माझाच शब्द वापरला. मी लिहिलं अलीकडे आणि तिथंच बसले. तुम्ही वाचलंत अलीकडे आणि तिथंच बसलात. बोट मधे नव्हती, नाही तर आपण कधीतरी एकमेकांवर आदळलो असतो.

म्हणजे तुम्ही आला होता.

हे वाक्य लिहून मी उठले आणि भांडी घासली.

मग दुसरं आठवलं. समोर गळ टाकून बसलेला माणूस. त्याच्या हातात गळ होता हे मी पाहिलंच नव्हतं, काठावर दिवसभर बसलेला माणूस दुसरं काय करणार म्हणून मीच तो मनानं त्याच्या हातात दिला. तुम्ही मासे खातसुद्धा नाही. एंजल ज्याला टाटा करत होती ते तुम्ही होता का? तिला तुम्ही हात हलवत होता आणि ती कोण हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

मी एंजलला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि भाजी काय केलीस विचारते.

यानंतर सगळं सोपं व्हायला हवं होतं. झालं नाही. काल एंजलचा फोन आला. तुमच्या सारंगाचं तिच्याशी बोलणं झालं. मालक विजयमालाला डागडुजी करून दुसऱ्या खाडीत लावणार आहेत, अजून लांब, आणि तुम्हाला सोबत या म्हणाले आहेत. तुम्ही त्यांनाही 'बघू' म्हणालात. म्हणजे तो 'बघू' हा होता.

आणि मला भागवतचं बोलणं टोचतंय. जिचा डेपो जिथं. तुम्ही मनात कधी पलीकडे-अलीकडे करत असाल तर श्रीरामपूर कुठं येतं? नाताळला तुम्ही इकडे निघता तेव्हा जाता की येता? एकवीस वर्षांपूर्वी तुम्ही बॅग भरली होती. आज भराल का, हे मला त्या बॅगेवरून कळत नाही. त्या दिवशीचा राग गेला तर त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नाही, खोली रिकामी केल्यासारखं झालंय.

पत्र वेळेत पोचेल की नाही, कोण जाणे. आमच्या पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, तो पुढच्याच्या हातात देईल.

लिडिया


विजयमाला,
१५ डिसेंबर

एंजलच्या पप्पांना,

मी कुठं आहे हे वर लिहिलंय. पुन्हा वाचा.

मी तुमच्या डोक्यावर बसले आहे. खरोखरच. इंजिनाच्या झाकणाशेजारचा हिरवा बाक, त्याच्यावर. खालून धडधड येते ती माझ्या पायांत लागतेय. पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा थरथरतंय.

शुभांगी शेजारीण आईंजवळ झोपायला येते म्हणाली, मी रजा टाकली आणि रात्रीची गाडी धरली. एस.टी.त मी पॅसेंजर म्हणून बसले की मला झोप येत नाही, प्रत्येक बेलला हात वर जातो. सकाळी धक्क्यावर उतरले. ते कुत्रं नाही आता, टपरी आहे. बोटीला झेंडूच्या माळा बांधल्यात. शाळेची पोरं, म्हातारे, फोटो काढणारे, सगळे एकदा शेवटचं जाऊन येतायत. पूल डोक्यावर उभा आहे आणि त्याच्याकडे आज कुणी बघत नाही.

ठरवून आले होते की उतरल्या उतरल्या तुम्हाला गाठायचं. पण तुम्ही तर खाली. खलाशाला म्हटलं सांगू नको. तिकीट काढून बसले आणि पलीकडे गेले. उतरले नाही. तशीच परत आले. पुन्हा गेले. तिकीटवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते. आमच्या धंद्यात अशा पॅसेंजरला आम्ही वेडी म्हणतो.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तुमची बोट वळतच नाही. दोन्ही टोकांना फळ्या, गाड्या एका टोकानं चढतात आणि दुसऱ्या टोकानं सरळ पुढे उतरतात. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, मी दोन फेऱ्या शोधत होते. खाडीच्या मधोमध आलं की दोन्ही काठ सारखेच दिसतात. मला तिथं जरा बरं वाटलं, म्हणून पुन्हा पुन्हा बसले.

शेवटी सारंगानंच ओळखलं. वरून उतरून आले, दाढी पांढरी झालेली. म्हणाले, "भाभी ना तुम्ही? नाताळचा फोटो बघितलाय." तुम्हाला बोलवू का विचारलं. मी म्हटलं थांबा, आणि त्या शनिवारचं विचारलं.

त्यांना आठवत होतं. बोट ओढलेली म्हणून त्यांना काम नव्हतं, ते दुपारी तुमच्याजवळ येऊन बसले होते. समोरच्या काठावर निळी छत्री होती म्हणाले. एक लहान पोर सारखी हात हलवत होती आणि तुम्ही उभे राहून दोन्ही हात हलवलेत. मग त्यांना म्हणालात, "माझी एंजल बी एवढीच हाय."

मी त्यांच्यासमोर रडले. झेंडूच्या माळांमुळे लोकांना वाटलं बोटीसाठी रडतेय. रडू दे, म्हणाले, आज सगळेच रडतात.

आता ऐका. म्हणजे वाचा.

तुम्ही यावं असं मला वाटतं. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. कायमचे या. मला सवय नाही, तुम्हालाही नाही. तुमचे कान गेलेत, भांडायचं तर मला ओरडून भांडावं लागेल आणि सगळ्या गल्लीला कळेल. चहा मी कदाचित दोघांचाच टाकीन आणि तिसरा विसरेन, तेव्हा तोंड न पाडता आठवण करायची. मला खात्री नाही की आपल्याला एका घरात राहायला जमेल. पण आपण प्रयत्न करूनही जमलं नाही असं एकदाही झालेलं नाही. प्रयत्न झालाच नाही.

विजयमालाला जाऊ द्या दुसऱ्या खाडीत. तिला दुसरा ड्रायव्हर मिळेल. तुम्ही तिला उपाशी ठेवून चालला नाहीत, चांगली वागवलीत, माझ्यापेक्षा चांगली. आईंना ती आवडली नाही, मला आज आवडली.

सारंग म्हणतात, आता ही शेवटची फेरी. या वेळी बोट तुमच्या खोलीच्या काठाला लागेल आणि तिथंच राहील. हे पत्र खलाशाच्या हातात खाली देते. हातातलं फडकं ठेवा आणि वाचा, डिझेलचे डाग पडू दे.

तुम्हाला वर हाक मारून उपयोग नाही हे मला माहीत आहे. माझा आवाज तुम्हाला येत नाही, ती जुनी घंटी येते, कानाजवळच आहे म्हणे. धक्का जवळ आला की सारंग ती दोरी माझ्या हातात देणार आहेत. मी विचारलं, चालतं का? म्हणाले, भाभी, आज सगळं चालतं.

मी दोन वाजवणार आहे. तुमच्याकडे त्याचा अर्थ थांबा. माझ्याकडे त्याचा अर्थ चला. मी दोन्ही म्हणते आहे.

इंजिन बंद करा आणि वर या.

लिडिया
(हिरव्या बाकावर)